शाळा बांधण्यापूर्वीं

औंढ्यास नागनाथाच्या दर्शनाला गेलेला यात्रेकरू हाताशीं वेळ असला म्हणजे सिद्धेश्वरचें धरणही पाहून येतो. गेल्या मार्गशीर्षांत आमचाही तोच क्रम झाला. पूर्णा नदीवरील हें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याची भिंत सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तीवर उभें राहिलें असतां एका अंगास संथ पाण्याचा विस्तार आणि दुसऱ्या अंगास त्या पाण्याची वाट पाहणारें रान असा देखावा दिसतो. आमच्या समवेत पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध स्नेही होते. ‘काका, एवढी मोठी भिंत बांधायची हें आधीं कोणीं ठरविलें?’ असा भाबडा प्रश्न आमच्या मंडळींतील एका मुलीनें त्यांना विचारला.

काका हंसले. म्हणाले, ‘भिंत आधीं कोणीच ठरवीत नाहीं, बाळ. ती सर्वांच्या शेवटीं ठरते. आधीं शेत पाहायचें. भिजवायची जमीन किती, तींत पिकें कोणतीं, कोणत्या पिकाला कोणत्या महिन्यांत पाण्याच्या किती पाळ्या लागतील, हें कागदावर मांडायचें. नदींत पाणी किती येतें तें त्याच्याशीं ताडून पाहायचें. त्यावरून साठा किती, कालवा किती रुंद, हें निघतें. आणि मग भिंतीची रेघ ओढायची.’ नदीच्या वरच्या अंगास येलदरीचें धरण आहे. तेथें पाणी प्रथम विजेचीं चक्रें फिरवितें. मग तें खालीं सिद्धेश्वरास अडविलें जातें आणि तेथून कालव्यांनीं वसमत-परभणीकडील शेतांना जातें. एकाच नदीवरचीं हीं दोन धरणें. परंतु कामें निराळीं, म्हणून त्यांची रचनाही निराळी.

परतीच्या वाटेवर एका गांवीं चहासाठीं थांबलों. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असलीं गांवें महाराष्ट्रांत जागोजाग आहेत. समोरच शाळा होती. रंग नुकताच दिलेला, अंगणांत झेंड्याचा खांब, दोन खोल्या अगदीं नव्या. आम्ही परवानगी घेऊन आंत गेलों. एका खोलींत दुसरी आणि तिसरी या दोन इयत्ता एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. गुरुजी तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावीत होते. दुसरीनें त्या वेळीं आपापलें वाचन करावें अशी योजना होती. परंतु खोलींत फळा एकच, तोही मोठ्या माणसाच्या उंचीला. दुसरीला बाहेर बसवावें तर पडवी इतकी अरुंद कीं तींतून दोन मुलांनीं जोडीनें जाणेंही कठीण. पलीकडच्या खोलीवर ‘विज्ञान’ अशी सुबक अक्षरें होतीं आणि आंत माध्यान्ह भोजनाच्या तांदुळाचीं पोतीं. कारण कोठीची खोली कोणीं बांधलीच नव्हती. नव्या दोन खोल्या मैदानाच्या बरोबर मध्यावर उभ्या होत्या. खो-खोच्या मैदानाला सत्तावीस मीटर लांबी आणि सोळा मीटर रुंदी लागते. त्या खोल्या कुंपणाच्या बाजूस थोड्या सरकविल्या असत्या, तर मैदानही राहिलें असतें आणि खोल्याही झाल्या असत्या.

आम्ही गुरुजींना इमारतीविषयीं विचारलें. ते सौजन्यानें म्हणाले, ‘इमारत चांगली आहे, साहेब. गळत नाहीं, हेंच पुष्कळ झालें. पण ती आमची शाळा पाहून बांधलेली नाहीं. नकाशा आला, तसें बांधकाम झालें.’

हें साधें वाक्य घरीं येईपर्यंत मनांत घोळत राहिलें. उसाला आणि हळदीला कोणत्या महिन्यांत किती पाणी लागेल, याचें टिपण करून मग भिंत उभारणारा आपलाच समाज, मुलांना कोणत्या तासाला काय लागेल, याचें टिपण न करतां शाळेच्या भिंती उभारतो. आधीं शिक्षणाचा दिनक्रम लिहावा आणि मग इमारतीचा नकाशा काढावा, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे. गोष्ट लहान दिसते. परंतु तिच्या उपेक्षेची किंमत मुलें पन्नास-पन्नास वर्षें भरीत राहतात.

आपल्या घराच्या बाबतींत आपण असें कधींच करीत नाहीं. एकत्र कुटुंबाचें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे गवंड्यास बोलावण्यापूर्वीं माजघरांत आठ-आठ दिवस खल चालतो. देवघर स्वयंपाकघराला लागून हवें. सोंवळ्यानें नैवेद्य नेणारीच्या वाटेंत कोणी आडवें येतां कामा नये. आजोबांची खोली न्हाणीघराजवळ, कारण त्यांना रात्रीं दोनदां उठावें लागतें. कोठी कोरडी असावी, बाळंतिणीच्या खोलीला वाऱ्याचा झोत लागूं नये, वाळवणाला ऊन मिळावें, मुंजीची पंगत बसेल एवढा सोपा असावा. कोण, केव्हां, कोठें आणि काय करणार, या चार प्रश्नांचीं उत्तरें घरांतील स्त्रियांना मुखोद्गत असतात आणि घर त्या उत्तरांवर उभें राहतें. शाळेविषयीं मात्र ‘खोल्या किती?’ हा एकच प्रश्न विचारला जातो; आणि त्याचें उत्तर अभ्यासक्रमांतून नव्हे, तर तिजोरींतून शोधलें जातें.

असें पूर्वींपासूनच होतें, असेंही नाहीं. औंढ्याच्या देवळांत विसोबा खेचरांनीं नामदेवांना बोध केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. गुरु पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. ‘जेथें देव नाहीं तेथें माझे पाय उचलून ठेव’ असें ते म्हणाले आणि नामदेवांना तशी जागाच सांपडेना. या कथेकडे भाविक ज्या दृष्टीनें पाहतो ती थोर आहेच. पण शिक्षकानेंही तिच्याकडे एकदां पाहावें. जो धडा द्यावयाचा होता तो त्या जागेवांचून देतां आला नसता. जुने पंतोजी वाड्याच्या पडवींत नाहीं तर देवळाच्या ओवरींत शाळा भरवीत. धुळपाटीवर अक्षर गिरवावयाचें, कित्ता वळवावयाचा, पाढे आणि परवचा एका सुरांत म्हणावयाचा, एवढाच अभ्यासक्रम होता. त्याला ती पडवी पुरत असे. पुढें भूगोलाचा नकाशा आला, शास्त्राचे प्रयोग आले, चित्रकला आली, कवाईत आली. अभ्यासक्रम वाढत गेला. इमारत मात्र पुष्कळ ठिकाणीं पडवीचीच राहिली. फक्त तिला भिंती आणि कुलपें आलीं.

ज्यांनीं शिक्षणाचा मूळापासून विचार केला त्यांनीं जागेचाही विचार केला, असें आपल्याच इतिहासांत दिसतें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडींत नेला. झोपडी अगदीं साधी; परंतु ज्या विधवा मुलींना तेथें निर्धास्तपणें राहावयाचें आणि शिकावयाचें होतें, त्यांना गांवाच्या टोचऱ्या नजरेपासून दूर असलेली ती जागा एखाद्या चिरेबंदी वाड्याहून अधिक मोलाची होती. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारली वस्तीवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां या दोघींनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांना शाळेची घंटा ऐकूं येत नव्हती, तेव्हां गुरें चरत तेथेंच कुरणशाळा भरविली. तेथें भिंत नव्हती, छप्पर नव्हतें. पण मूल कोठें असतें, काय करतें आणि किती वेळ मोकळें असतें, याचा पक्का हिशेब होता. इमारतीचा आराखडा म्हणतात त्याचा आरंभ याच हिशेबांत आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तींत गांधीजींची नयी तालीम पुढें आली. हस्तोद्योगाच्या द्वारें सर्व विषय शिकवावयाचे, हें तिचें सूत्र. आतां सूत कातावयाचें म्हटलें कीं कापूस ठेवण्यास कोरडी जागा हवी, चरखे मांडण्यास ऐसपैस जमीन हवी, मागाला उंची आणि उजेड हवा. बाकांच्या रांगा दाटलेल्या खोलींत ही तालीम आणून बसविली तर कागदावर ती राहील आणि मुलांच्या हातांतून नाहींशी होईल. शिक्षणाच्या नव्या योजना पुष्कळदां विरोधामुळें मरत नाहींत. त्यांना बसावयास जागा मिळत नाहीं, म्हणून मरतात.

पाश्चात्य देशांतील एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. अमेरिकेंत शिकागोजवळ विनेट्का गांवीं १९४० सालीं ‘क्रो आयलंड’ नांवाची प्राथमिक शाळा बांधण्यांत आली. तेथील शिक्षणाधिकारी कार्लटन वॉशबर्न हे प्रत्येक मुलानें आपल्या गतीनें शिकावें या मताचे होते. स्थापत्यविशारदांपैकीं लॉरेन्स पर्किन्स यांनीं नकाशा काढण्यापूर्वीं वर्गांत बसून कामकाज पाहिलें. शिक्षकांनीं आपल्याला काय हवें तें पत्रें लिहून कळविलें. त्यांतून जी शाळा झाली तिचा प्रत्येक वर्ग काटकोनी आहे. मोठ्या भागांत पाठ चालावा, लहान भागांत हातकाम चालावें आणि शिक्षिकेला दोन्हींकडे नजर ठेवतां यावी, अशी सोय आहे. प्रत्येक वर्गाला स्वतःचें शौचगृह आणि स्वतःचें लहानसें अंगण आहे. छत मुद्दाम खालीं घेतलेलें आहे. दिव्याचीं बटणें मुलांच्या हाताला पोंचतात. सभागृहांतील खुर्च्या पुढें लहान आणि मागें मोठ्या होत गेल्या आहेत. संगमरवर नाहीं, घुमट नाहीं. तरी त्या इमारतीचा अभ्यास करावयास आजही दूरदूरचीं माणसें जातात, याचें कारण तींत मुलांचा दिवस दिसतो.

आतां दुसऱ्यांचीं उदाहरणें बाजूला ठेवून आमचा स्वतःचाच एक अपराध कबूल करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या शहरांतील एका शाळेच्या इमारत समितींत आम्ही होतों. समितींत वकील होते, डॉक्टर होते, एक व्यापारी होते. आम्ही लेखणीच्या बळावर होतों. एकाच संध्याकाळीं शेजारच्या शाळेचा नकाशा पुढें ठेवून ‘हाच, पण एक मजला अधिक’ असा ठराव आम्हीं संमत केला. देणगीदाराच्या नांवाची पाटी कोठें बसवावी, यावर मात्र दोन बैठका खर्ची पडल्या. इमारत झाली, कोनशिलेवर फुलें पडलीं, पेढे वांटले गेले. मग हळूहळू इमारत बोलूं लागली. वरच्या मजल्यावर आठवी ते दहावीच्या मुली आणि मुलींचें शौचगृह मात्र तळमजल्यावर, मैदानाच्या पलीकडे. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहींत, हें एका बाईंनीं आमच्या घरांतील स्त्रियांना सांगितलें, तेव्हां आम्हांस कळलें. तोंवर चार वर्षें गेलीं होतीं. जिना एकच, तोही एका टोकाला. सभागृहांत आवाज असा घुमे कीं तिसऱ्या रांगेच्या मागें वक्त्याचें तोंड दिसे आणि शब्द ऐकूं येत नसत. ग्रंथालयाला जागा उरली नाहीं, म्हणून पुस्तकें मुख्याध्यापकांच्या खोलींतील कपाटांत गेलीं आणि तेथेंच राहिलीं. आम्ही सर्व शिकलेलीं माणसें. पण शाळेंत दिवसभर वावरणाऱ्या एकाही माणसाला आम्हीं एक प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हां विचारावें काय? यासाठीं मोठी विद्या लागत नाहीं. वेळापत्रक आणि त्रैराशिक एवढें पुरे आहे. समजा, एका माध्यमिक शाळेंत दहा तुकड्या आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारीं पांच, असे आठवड्याचे पंचेचाळीस तास होतात. प्रत्येक तुकडीला प्रयोगाचे चार तास द्यावयाचे म्हटलें तर चाळीस झाले. पंचेचाळिसांतील चाळीस तास प्रयोगशाळा भरलेली, तर उपकरणें मांडावयाचीं आणि धुवावयाचीं केव्हां? म्हणजे प्रयोगशाळेला लागून तयारीची एक लहान खोली हवी, हें नकाशा काढण्यापूर्वींच कळलें. चित्रकलेचे दोन आणि हस्तकलेचे दोन तास धरले तर आणखी चाळीस. ते एकाच खोलींत बसविले तर ओलें चित्र वाळावयास आणि अपुरें काम मांडून ठेवावयास जागा राहत नाहीं. संगीताचा एक तास धरला तर दहा, व्यायामाचे दोन धरले तर वीस.

आतां उलट बाजूनें पाहा. दहा तुकड्यांचे मिळून साडेचारशे तास. त्यांतून प्रयोगाचे चाळीस, चित्र-हस्तकलेचे चाळीस, संगीताचे दहा आणि व्यायामाचे वीस, असे एकशेंदहा वजा केले म्हणजे साध्या वर्गांत बसावयाचे तीनशेंचाळीस उरतात. त्यांना पंचेचाळिसांनीं भागलें तर साडेसातांहून थोडे अधिक. म्हणजे दहा तुकड्यांना दहा वर्गखोल्या लागतातच असें नाहीं. वेळापत्रक नीट आंखलें तर नऊ खोल्या मोकळेपणानें पुरतात. वांचलेली दहावी खोली ग्रंथालयाला द्या. मुलांनीं दप्तरें घेऊन खोल्या बदलावयाच्या, म्हणून दप्तरें ठेवण्यास भिंतींत कोनाडे करा आणि पडवी थोडी रुंद घ्या. आमच्या समितीनें हा अर्ध्या तासाचा हिशेब केला असता तर पुस्तकें कपाटांत कोंडलीं गेलीं नसतीं.

लहान शाळेचा हिशेब निराळा. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, शाळेच्या इमारतीविषयीं कांहीं किमान गोष्टी ठरवून दिल्या आहेत. सर्व ऋतूंत वापरतां येईल अशी इमारत, दर शिक्षकास किमान एक खोली, अडथळ्यावांचून ये-जा, मुलांमुलींस वेगळीं शौचगृहें, पिण्याचें शुद्ध पाणी, माध्यान्ह भोजनाचें स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण. त्याच कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे पांच इयत्ता, दोन शिक्षक, दोन खोल्या. हें गणित खेड्यापाड्यांत आज जागोजाग चालू आहे. मग तें गृहीत धरूनच खोली कां बांधूं नये? दोन समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे असावेत. एक गुरुजींच्या उंचीचा आणि दुसरा जमिनीपासून हातभर उंचीवर, मुलांना बसल्या बसल्या लिहितां येईल असा. एक इयत्ता बाहेर बसून काम करील आणि गुरुजींना ती दारांतून दिसेल, एवढी पडवी रुंद असावी. १९८७ सालच्या खडू-फळा योजनेंतही दोन खोल्यांबरोबर रुंद पडवी सांगितली होती, हें पुष्कळांच्या स्मरणांतून गेलें आहे. पडवी ही खर्चांतून प्रथम कापली जाते. वास्तविक ती या शाळेची तिसरी खोली आहे.

इमारत स्वतःच शिकवूं शकते, असा विचार दिल्लीचे स्थापत्यविशारद कबीर वाजपेयी आणि त्यांची ‘विन्यास’ संस्था यांनीं ‘बाला’ या नांवानें मांडला आणि तो अनेक राज्यांतील शाळांत पोंचला. दार उघडतें तेथें जमिनीवर कोन आंखले कीं रोज दार लोटणाऱ्या मुलाला काटकोन पाठ करावा लागत नाहीं. खिडकीच्या गजांना अक्षरांचीं वळणें दिलीं कीं त्यांवरून बोट फिरवितां येतें. यांत खर्च नाममात्र आहे. विचार मात्र आधीं करावा लागतो.

ऋतुमानाचा विचार हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मराठवाड्यांतील चैत्राच्या उन्हांत पश्चिमेकडे तोंड केलेल्या खोलींत दुपारीं गणित डोक्यांत शिरत नाहीं, यांत मुलांचा दोष काय? इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम घ्यावी, खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवाव्या, दक्षिणेला पडवीची सावली द्यावी. उजेड डाव्या हातानें यावा, म्हणजे उजव्या हातानें लिहिणाऱ्याच्या अक्षरावर हाताची सावली पडत नाहीं. नुसतें पत्र्याचें छप्पर घातलें तर आषाढांतील सरींत गुरुजींचा शब्द पहिल्या रांगेलाही पोंचत नाहीं. तेवढा वेळ शाळा भरली असली तरी शिक्षण बंदच असतें.

यापुढें जी गोष्ट आहे ती सोयीची नव्हे, प्राणांची आहे. १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंतील कुंभकोणम येथें एका शाळेंत भोजन शिजवितांना लागलेली आग झावळ्यांच्या छपराला भिडली आणि ९४ मुलें प्राणांस मुकलीं. शाळेंत रोज अन्न शिजणार, हें ठरल्या दिवशींच चूल कोठें असावी आणि मुलांनीं बाहेर कोणत्या वाटेनें पडावें, हें ठरावयास नको काय? सिद्धेश्वरच्या परिसराला आणखी एक इशारा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीच्या भूकंपानें हजारों माणसें घेतलीं. शाळा त्या वेळीं रिकाम्या होत्या, हें दैव. हिंगोली जिल्ह्यांत २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशीं सकाळच्या प्रहरीं ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत, कळमनुरी आणि औंढा या भागांतील गांवकऱ्यांना भूगर्भांतील गूढ आवाजांचा परिचय आहे. अशा ठिकाणीं प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारीं दोन दारें, भिंतींना दाराच्या चौकटीवरून फिरणारा सळईचा पट्टा आणि जवळच मोकळें मैदान, हीं चैन नव्हे. मैदानाच्या मध्यावर खोल्या बांधल्या कीं खो-खोच जातो असें नाहीं. धांवत येऊन उभें राहावयाची जागाही जाते.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं अभ्यासक्रम तर दहा-पंधरा वर्षांनीं बदलतो आणि इमारत साठ वर्षें उभी राहते. मग एकीला दुसऱ्याच्या मापानें कसें शिवावें? आक्षेप खरा आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तीन वर्षांच्या बालकापासून शिक्षणाचा पाया धरला आणि सहावीपासून व्यवसायाची ओळख सांगितली. म्हणजे मापें पुन्हां बदललीं. म्हणूनच छताचा भार खांबांवर घ्यावा आणि मधल्या भिंती हलक्या ठेवाव्या, म्हणजे उद्यां दोन खोल्यांची एक किंवा एकीच्या दोन करतां येतात. परंतु ‘सर्व कांहीं होईल’ म्हणून कांहींच न ठरवितां बांधणें हाही उपाय नव्हे. अमेरिकेंत आणि इंग्लंडांत १९६०-७० च्या सुमारास भिंतीच नसलेल्या प्रशस्त शाळांची लाट आली होती. एका वर्गाचें गाणें दुसऱ्याच्या गणितांत मिसळूं लागलें आणि पुष्कळ ठिकाणीं पुढें भिंती घालाव्या लागल्या. नऊवारी लुगडें कोणालाही होतें, तरी तें नेसतांना ज्याचें त्याला अंगाबरोबर चापून नेसावें लागतेंच.

मग हें करावयाचें कोणीं? उत्तर कायद्यांतच आहे. अनुदानित आणि सरकारी प्राथमिक शाळांना शाळा व्यवस्थापन समिति आहे. तींत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सरकारी शाळेंत विकास आराखडा करणें हें तिचें काम आहे. ज्या स्त्रियांना आपल्या घरांतील कोठी, न्हाणीघर आणि वाळवण यांचें गणित न शिकतां येतें, त्या समितींत नुसत्या सहीपुरत्या बसल्या तर तो दोष त्यांचा नव्हे. त्यांना विचारणाऱ्यांचा आहे. खासगी संस्थांच्या नियामक मंडळांवर तर आमच्या वाचकांपैकीं कित्येक असतील. त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं नकाशाचा कागद उलगडण्यापूर्वीं एक दिवस शाळेंत सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बसावें आणि तास-तासाला कोण कोठें काय करतें, हें लिहून काढावें. देणगीदारांनींही पाटीची जागा मागण्यापूर्वीं हा कागद मागावा.

आमच्या शहरांतील त्याच शाळेला यंदा नवी बाजू जोडावयाची आहे आणि वार्धक्यामुळें असो कीं पश्चात्तापामुळें असो, समितीनें आम्हांस पुन्हां बोलाविलें आहे. या वेळीं पहिल्या बैठकींत नकाशा मांडावयाचा नाहीं, असें ठरलें. शिक्षकांना, मुलांना, भोजन शिजविणाऱ्या बाईंना आणि शिपायांना कोरे कागद दिले. पहिला कागद शिपाईमामांचा आला. त्यांनीं लिहिलें होतें कीं मागच्या तीन खोल्यांत घंटा ऐकूं येत नाहीं, म्हणून रोज आठ वेळां मला तेथवर धांवत जावें लागतें. दुसरा कागद नववींतील एका मुलीचा होता. त्यावर नांव नव्हतें आणि त्यांत काय लिहिलें होतें तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. उरलेले कागद येत आहेत. नकाशा अजून काढलेला नाहीं.